हलगीला जागा कुठे? गच्चीवर पाहिलेला ‘सोंगाड्या’

मे महिन्यात मोहोळमध्ये गच्ची माणसात येते ती रात्री दहानंतर. दिवसभर तापलेल्या स्लॅबवर संध्याकाळी चार बादल्या पाणी मारायचं, वाफ निघून जाऊ द्यायची आणि मग सतरंज्या अंथरायच्या. त्या रात्री आम्ही एक पांढरी चादरही बांधली होती. तिचं एक टोक पाण्याच्या टाकीला, दुसरं जिन्याच्या खोलीवरच्या खिळ्याला. भाच्याने सोलापुरातून छोटा प्रोजेक्टर भाड्याने आणला होता. सिनेमा होता दादा कोंडकेंचा ‘सोंगाड्या’. आणि चादरीच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून, हलगी मांडीवर घेऊन आमच्या गल्लीतले तात्या बसले होते.

हलगीची कल्पना भाच्याची. त्याने फोनवर कुठल्याशा परदेशी शहरातला व्हिडिओ पाहिला होता. पडद्यावर चॅप्लिन आणि पडद्याखाली अख्खा वाद्यवृंद, सिनेमा चालू असताना तिथल्या तिथे वाजवणारा. तिकडे त्याला मोठी तिकिटं लागतात. भाचा म्हणाला, “मामा, आपण आपल्या पद्धतीने करू. चॅप्लिनच्या जागी दादा, व्हायोलिनच्या जागी हलगी.”

ऐकायला झकास. पण यात एक साधी अडचण होती आणि ती सिनेमा सुरू होईपर्यंत आमच्या कुणाच्याच डोक्यात आली नाही. चॅप्लिनचा सिनेमा मुका आहे. ‘सोंगाड्या’ बोलतो. नुसता बोलत नाही, त्याला राम कदमांचं स्वतःचं संगीत आहे, त्यात ढोलकी आहे, तुणतुणं आहे. मग या भरल्या ताटात आमच्या हलगीला जागा कुठे?

हा लेख त्या प्रश्नाचा आहे. उत्तर मला त्याच रात्री मिळालं. ते मिळाल्यावर दादा कोंडकेंबद्दलचं माझं मत थोडं बदललं आणि स्वतःबद्दलचं जरा जास्तच.

पडद्यापाशी बसणारी माणसं

पडद्यापाशी वादक बसणं आपल्याला नवीन नाही. 1913मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला तेव्हापासून बोलपट येईपर्यंत आपल्याकडच्या मूकपटांना तबला-पेटीची साथ असायची. वादक पडद्याकडे बघत वाजवायचे. पळापळ असेल तर लय चढवायची, कुणी मेलं तर सूर खाली आणायचा. 1931मध्ये ‘आलम आरा’ आला, 1932मध्ये ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला आणि ही माणसं पडद्यापासून उठली. गंमत म्हणजे त्याच 1931मध्ये चॅप्लिनने ‘सिटी लाइट्स’ काढला. जग बोलू लागलं होतं तरी त्याने आपल्या भटक्याला बोलू दिलं नाही. संगीत मात्र स्वतः रचलं. म्हणून आजही तो सिनेमा वाद्यवृंदासोबत दाखवता येतो. त्यात तशी जागा ठेवलेली आहे.

आमच्या अण्णांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांच्या आठवणीतली गोष्ट मात्र वेगळी आहे. तंबूतला सिनेमा त्यांनी यात्रेत पाहिला. ट्रकमधून येणारा प्रोजेक्टर, कापडी तंबू, जमिनीवर बसलेली माणसं. एकच मशीन असलं तर रीळ बदलेपर्यंत पडदा काळा आणि तेवढ्यात तंबूभर शिट्ट्या. यात्रेत सिनेमाचा तंबू आणि तमाशाची कनात फार लांब नसायची. “ह्या कानात सिनेमा, त्या कानात ढोलकी,” अण्णा म्हणतात. “कुठलं कुठं वाजतंय, काय कळायचं न्हाई. पर बरं वाटायचं.”

आता असे तंबू विरळ झाले. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट 2016मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला, तो महाराष्ट्रातल्या याच फिरत्या सिनेमांवर आहे. गंजलेले प्रोजेक्टर, ते जिवापाड जपणारी माणसं आणि मग हळूच आलेलं डिजिटल यंत्र. तो पाहून हळहळ वाटते. पण हळहळ हा सोपा प्रकार आहे. मला विचारायचं होतं ते हे: तंबू गेला तेव्हा त्याच्यासोबत सिनेमातलं नेमकं काय गेलं?

रिकाम्या जागा

‘सोंगाड्या’ 1971चा. दादांची ही पहिली स्वतःची निर्मिती. दिग्दर्शन गोविंद कुलकर्णींचं आणि लेखन वसंत सबनीसांचं. सबनीसांचा जन्म सोलापूरचा, हे आमच्याकडे जरा छाती काढून सांगतात. या दोघांची जोडी त्याआधीच जमलेली होती. सबनीसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ हे वगनाट्य 1965मध्ये रंगमंचावर आलं आणि त्याने दादांना घराघरात नेलं. त्याही आधी दादा बँडमध्ये वाजवत होते, मग सेवा दलाच्या कलापथकात आले. म्हणजे कॅमेऱ्यासमोर उभा राहिला तेव्हा हा माणूस कित्येक वर्षं जिवंत माणसांसमोर उभा राहून आला होता. हशा किती लांबतो, कुठे फुटतो, कुठे नुसताच गुदमरतो, हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं.

गच्चीवर पहिली वीस मिनिटं तात्या वाजवत होते आणि सगळं फसत होतं. जिथे पडद्यावर तमाशा चालू, तिथे राम कदमांच्या ढोलकीवर आमची हलगी. नुसता गोंगाट. जिथे संवाद, तिथे हलगीखाली शब्द गडप. आत्या मागून ओरडली, “आरं, त्या मानसाला बोलू तरी द्या की!” तात्यांनी टिपरू खाली ठेवलं. भाच्याचं तोंड उतरलं. मलाही वाटलं, हौस फिटली, आता गुपचूप सिनेमा बघू.

मग तात्या बघू लागले. नुसतेच बघू लागले, वाजवण्यासाठी नाही. आणि थोड्या वेळाने, नाम्या काहीतरी बोलला, गच्ची हसली आणि हसू ओसरत असताना तात्यांनी बारीक काडीने एकच थाप दिली. कडक. लगेच पडद्यावर पुढचं वाक्य आलं. पुन्हा हशा, पुन्हा थाप. आता मात्र कुणी ओरडलं नाही.

मी चादरीकडे बघायचं सोडून तात्यांकडे बघू लागलो. ते मनाला येईल तिथे वाजवत नव्हते. सिनेमात जागा होत्या. दादा वाक्य टाकतात आणि थांबतात. भोळे डोळे मोठे करतात, चड्डीची लोंबती नाडी सावरतात, समोरच्याकडे बघतात. फोनवर हे पाहताना मला नेहमी वाटायचं की संकलन ढिलं आहे, आजच्या मानाने सिनेमा संथ आहे. अनेकदा मी अशा जागी दहा सेकंद पुढे ढकललं आहे. तुम्हीही ढकललं असेल. त्या रात्री कळलं की तो संथपणा नव्हता. ती प्रेक्षकाची पाळी होती.

तमाशात गण होतो, गवळण होते, मग बतावणी येते आणि वगाला तोंड फुटतं. बतावणीत एक सरळ बोलतो, सोंगाड्या वाकडं उत्तर देतो आणि ढोलकीवाला त्यावर थाप देऊन हशाला टेकू देतो. म्हणजे विनोद तिघांत पुरा होतो: बोलणारा, वाजवणारा, हसणारा. दादांनी सिनेमात हीच रीत आणली. बोलणाऱ्याचं काम त्यांनी स्वतः केलं. हसणाऱ्यासाठी जागा रिकामी सोडली, कारण थिएटर भरलेलं असणार हे त्यांना ठाऊक होतं. आणि त्याच रिकाम्या जागेत आमच्या तात्यांना आपली बसायची जागा सापडली.

चॅप्लिनने आवाज काढून टाकून संगीताला जागा दिली. दादांनी बोलता बोलता थांबून प्रेक्षकाला जागा दिली. म्हणून ‘सोंगाड्या’ एकट्याने, कानात इअरफोन घालून पाहिला तर अर्धाच दिसतो. उरलेला अर्धा फिल्मवर नाहीच. तो दरवेळी समोर बसलेल्या माणसांनी भरायचा असतो. तंबू गेला तेव्हा हे गेलं.

आये कशाला रागावते

आता सिनेमाच्या पोटात काय आहे ते बघू. कारण ‘दादा कोंडके’ म्हटलं की आपल्याकडे एकच शब्द पुढे येतो: द्विअर्थी. त्या शब्दाखाली ‘सोंगाड्या’ची गोष्टच दबून गेली आहे.

गोष्ट साधी आहे. नाम्या हा भाबडा पोरगा. त्याची आये, म्हणजे रत्नमाला, कडक बाई. पोरगा तमाशा बघायला जातो, कलावती नावाच्या नाचणारणीवर भाळतो. ही उषा चव्हाण. आयेला कळतं, ती त्याला घराबाहेर काढते आणि नाम्या शेवटी ज्या तमाशापायी घर सुटलं त्याच तमाशात सोंगाड्या म्हणून उभा राहतो.

एक वाक्य काढायचं तर: हा सिनेमा तमाशा बघण्याच्या लाजेबद्दल आहे. ज्या गोष्टीवर अख्खं गाव रात्री हसतं, तिच्याशी दिवसा नातं सांगायचं नाही, या दुटप्पीपणाबद्दल आहे. नाम्या भाबडा आहे म्हणून त्याला हा दुटप्पीपणा जमत नाही. त्याला जे रात्री आवडलं, ते तो दिवसाही आवडून घेतो. सगळा विनोद तिथून निघतो आणि सगळा त्रासही.

ही लाज सबनीसांनी कल्पनेतून काढलेली नाही. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हा रेठरे हरणाक्षचा ब्राह्मण मुलगा तमाशात गेला, पठ्ठे बापूराव झाला आणि पवळा या महार समाजातल्या कलावतीसोबत त्याने फड गाजवला. त्याची किंमत त्याला जातीबाहेर पडून मोजावी लागली. लोकांनी त्याच्या लावण्या डोक्यावर घेतल्या, पण त्याला दारात घेतलं नाही. ही गोष्ट आपण त्यागाची कहाणी म्हणून सांगतो. ती सांगताना पवळाकडे मात्र आपलं लक्ष जात नाही. बापूराव जातीतून खाली उतरले म्हणून त्यांचं नवल. जी माणसं आधीपासून तिथेच उभी होती, त्यांचं कुणालाच नवल नाही.

गच्चीवर आयेच्या प्रत्येक प्रवेशाला सगळ्यात मोठं हसू बायकांच्या बाजूने आलं. टाकीपाशी बसलेल्या आत्या, काकू, शेजारच्या वहिनी. दादांच्या कोट्यांना त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या, पण आयेला मोकळ्या गळ्याने. आत्या म्हणाली, “आमची आय अशीच हुती. हातात काय घावंल त्यानं हाणायची.” समीक्षेत दादांच्या शब्दांवर इतकं बोललं जातं की रत्नमालाबाईंचं काम झाकून जातं. खरं तर त्यांच्या रागाशिवाय नाम्याच्या भाबडेपणाला वजनच येत नाही. बतावणीतल्या सरळ माणसाची जागा इथे आईने घेतली आहे.

आणि जेव्हा आये पोराला घराबाहेर काढते, तेव्हा तात्यांनी हलगी उचललीच नाही. पालथी घालून मांडीवर ठेवली. सिनेमाभर त्यांनी जे वाजवलं त्यात मला सगळ्यात आवडलेली जागा ही न वाजवलेली.

जे जमलं नाही

सगळं गोड झालं असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. माझी सतरा वर्षांची भाची मध्येच फोन काढून बसली. नंतर विचारलं तर म्हणाली, “मला हसू आलं नाही असं नाही. पण सगळे हसताना माझ्याकडे बघत होते. मी हसते का ते बघायला.”

हे वाक्य मी इथे टाळू शकत नाही, कारण ते माझ्या सिद्धांताला भोक पाडतं. मी म्हणतोय, हा विनोद समूहाने पुरा करायचा असतो. पण समूह म्हणजे कोण? द्विअर्थी वाक्य असतं तरी काय? बोलणारा निर्दोष अर्थ हातात धरून उभा राहतो, दुसरा अर्थ ऐकणाऱ्याच्या डोक्यात सोडून देतो. सेन्सॉरने पकडलं तर म्हणायला मोकळा: मी काय वाईट बोललो? अर्थ तुमच्या मनात. युक्ती बिनतोड आहे. पण गच्चीवर वीस-पंचवीस माणसांत सतरा वर्षांच्या मुलीला तो दुसरा अर्थ कळला आहे हे दिसणं, याचं ओझं दादांवर पडत नाही. ते तिच्यावर पडतं.

तमाशात याला एक उतारा होता. तिथे बाई उलट बोलते. सवाल-जवाबात तीही तेवढीच तिखट असते. ‘सोंगाड्या’त उषा चव्हाण यांना ती जागा बऱ्यापैकी मिळाली आहे. त्यांची कलावती नाम्यापेक्षा जग जास्त ओळखते, दोघांच्या बोलण्यात तीच शहाणी असते, म्हणून कोटी एकाच बाजूला कलंडत नाही. पुढे मात्र तोल गेला असं मला वाटतं. ‘सोंगाड्या’ ते 1982चा ‘आली अंगावर’ हा प्रवास बघा. आधी गोष्टीत कोट्या होत्या. नंतर सिनेमाचं नावच कोटी झालं आणि गोष्ट तिच्यामागे फरफटत गेली. तिकीटबारीने साथ दिली, ओळीने रौप्यमहोत्सव झाले, दादांचं नाव गिनीज बुकात गेलं. पण बतावणीतला दुसरा आवाज हळूहळू बारीक होत गेला. दोघांचा खेळ एकाचा झाला.

तेव्हा दादांवरचा आक्षेप अश्लीलतेचा ठेवू नये, असं मला वाटतं. तो आक्षेप नाम्याच्या आयेचा आहे, त्यात तमाशाबद्दलची जुनी लाज मिसळलेली आहे. 1971मध्ये दादरच्या कोहिनूर थिएटरने ‘सोंगाड्या’ला जागा नाकारली, शिवसेना मध्ये पडली आणि मग तो लागला, हा किस्सा मराठी अस्मितेचा म्हणून सगळे सांगतात. मला त्यात ती लाजही दिसते. खरा आक्षेप कारागिरीचा असायला हवा: ज्या विनोदाला उत्तर देणारा लागतो, त्यातून उत्तर देणारीलाच का काढलं?

हलगीचा हिशेब

एक वाजता सिनेमा संपला. हायवेवरून ट्रक जात होते, चादर वाऱ्याने फडफडत होती, पोरं सतरंज्यांवरच झोपली होती. भाचा प्रोजेक्टर गुंडाळत होता. अण्णा तात्यांना म्हणाले, “लय दिवसांनी तंबूत बसल्यागत झालं गड्या. एकल्यानं हसाय येत न्हाई. हसायला मानसं लागत्यात.”

तात्या हलगी पिशवीत घालत होते. खेळाच्या आधी त्यांनी ती गच्चीच्या कोपऱ्यात चार मूठ पाचट पेटवून शेकली होती, चामडं ताणलं जाईपर्यंत, मधून मधून बोटाने ठोकून बघत. सगळी पोरं भोवती गोळा होऊन व्हिडिओ काढत होती. आता कुणी व्हिडिओ काढत नव्हतं. ते जिन्याकडे निघाले आणि मला अचानक आठवलं की आम्ही प्रोजेक्टरच्या भाड्याचा हिशेब केला होता, शेंगदाणे-सरबताचा केला होता, एक्स्टेंशन बोर्डसुद्धा विकत आणला होता. तात्यांना काय द्यायचं, हा विषय निघालाच नव्हता. ते गल्लीतले, ते येतीलच, हलगी त्यांचीच, वाजवतीलच.

हे कुठून आलं, हे मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे. हलगी वाजवणं हे मातंग समाजाच्या वाट्याला आलेलं गावकीचं काम होतं. लग्न असो, मिरवणूक असो, मयत असो, बोलावलं की यायचं. त्याला कला म्हणायची रीत नव्हती, म्हणून मानधन म्हणायचीही रीत नव्हती. नागराज मंजुळेंना ‘फँड्री’चा जब्या, सोमनाथ अवघडे, आपल्याच जिल्ह्यातल्या केममध्ये हलगी वाजवताना सापडला. तिथे एका माणसाने थांबून त्या वाजवण्याकडे नीट बघितलं. बाकी आपण हलगीवर नाचतो. वाजवणाऱ्याकडे बघत नाही.

मी जिन्यात तात्यांना गाठलं. खिशात होते तेवढे पैसे पुढे केले, प्रोजेक्टरच्या भाड्याएवढे तरी असावेत म्हणून. ते म्हणाले, “ऱ्हाऊ द्या की, घरचंच हाय.” मी म्हणालो, “घरचं नाही तात्या, खेळाचं आहे.” त्यांनी जरा वेळ माझ्याकडे बघितलं, पैसे घेतले, वरच्या खिशात ठेवले आणि म्हणाले, “मग पुढल्या टायमाला सिनिमा आदी दाखवा. दोनदा बघितला तर नीट वाजवीन.”

दोन तास त्यांना साथ देताना बघूनही मला हे सुचलं नव्हतं. आम्ही त्यांना सजावट म्हणून बसवलं होतं. ते मात्र पहिली वीस मिनिटं फसल्यावर एका वादकाने करायचं तेच करत होते: ऐकत होते, जागा शोधत होते, चुका मोजत होते. ‘जुना सिनेमा आणि जिवंत लोकसंगीत’ असे खेळ आता शहरांत होऊ लागले तर होऊ देत, बरंच आहे. फक्त पोस्टरवर वादकाचं नाव सिनेमाच्या नावाएवढं मोठं असावं, त्याला सिनेमा आधी दाखवलेला असावा आणि त्याचे पैसे खुर्च्यांच्या भाड्याआधी ठरलेले असावेत. नाहीतर ‘सोंगाड्या’ पाहून आपण रात्री नाम्याच्या बाजूने हसायचं आणि सकाळी आयेसारखं वागायचं.

पुढचा खेळ आषाढाआधी करायचं ठरलंय, पाऊस लागायच्या आत. भाचीने सिनेमा निवडायचा आहे. तात्यांना तो आधी दोनदा दाखवायचा आहे. मी माझ्या फोनवर बघताना दहा सेकंद पुढे ढकलायचं बंद केलंय. त्या थांबलेल्या जागेत आता मला हलगी ऐकू येते.